देवीदास टेलरची फॉर्मल नाइट

आमचे भाऊजी देवीदास रामटेके यांनी उभ्या आयुष्यात एकही कपडा वाईट शिवला नाही आणि, फौजी गिऱ्हाइकं सोडली तर, एकही कपडा वेळेवर दिला नाही. जबलपूरला सदर बाजारात त्यांचं दुकान आहे. माप घेताना ते इतकं गोड बोलतात, की माणसाला वाटतं संध्याकाळीच मिळतोय कपडा. मग तारीख येते. तुम्ही जाता. भाऊजी चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "बस, काज-बटण बाकी हाय. परवा या." त्या परवामध्ये माझी एक करड्या रंगाची पॅन्ट अडीच महिने अडकून पडली होती. मी तर त्यांचा सख्खा साळा, वीज मंडळातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. माझी ही गत, तर पनागरहून बस पकडून येणाऱ्या गिऱ्हाइकाचं काय होत असेल ते तुम्हीच ठरवा.

फौजींची गोष्ट वेगळी. छावणीतल्या मेसमध्ये डिनर नाइट असते. त्या रात्री ठरलेल्या पोशाखातच जावं लागतं आणि ती तारीख मोठ्या साहेबालाही हलवता येत नाही. त्यामुळे अशा रात्रीच्या आदल्या दिवशी दुपारीच फौजींचे कोट इस्त्री होऊन हँगरला लागलेले असत. मी एकदा रागानं विचारलंच, की त्यांना एक न्याय आणि आम्हाला दुसरा, असं का? भाऊजी म्हणाले, "तू घरचा हायेस ना बंडू. तुले काय अर्जंट?"

गेल्या वर्षी त्यांच्या मुलानं, अश्वजीतनं, आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार म्हणून क्रूझची तिकिटं काढली. अश्वजीत पुण्याला नोकरी करतो. त्याची बायको श्रद्धा हिचे बाळंतपणाचे दिवस जवळ आले होते, त्यामुळे त्या दोघांना येता येणार नव्हतं. मुंबईहून निघायचं, पाच रात्री समुद्रात काढायच्या आणि परत मुंबईला यायचं. खोलीत तिसरा पलंग होता, आणि जहाजावरचे कागद इंग्रजीत असणार, म्हणून वाचायला मला सोबत घेतलं.

भाऊजींच्या डोक्यात क्रूझ म्हणजे बरगी. "बरगीच्या धरणावर क्रूझ हाय ना," ते म्हणाले. "एका घंट्यात घुमवून आणते. मुंबईवाले पाच रात्री काय करून राहिले? पाणी तर पाणीच असते."

मग अश्वजीतचा फोन आला. स्पीकरवर आम्ही तिघं ऐकत होतो. तो म्हणाला, "बाबा, एक नवा सूट शिवून घ्या. एक रात फॉर्मल नाइट राहते. सब लोग सूट-बूट में डिनर करते हैं."

माझी बहीण पार्वताबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

का थांबला, ते सांगायला हवं. आमच्या घरी, भंडाऱ्याला, बैठकीच्या भिंतीवर बाबासाहेबांचा निळ्या सुटातला फोटो होता. आमचे बाबा विडी कारखान्यात काम करायचे आणि कामावर जाण्याआधी त्या फोटोसमोर उभे राहायचे. पार्वताचं लग्न जबलपूरच्या शिंप्याशी ठरलं, तेव्हा त्यांनी व्याह्यांकडे एकच गोष्ट मागितली. देणंघेणं काही नको, जेवणावळीत काय असावं त्याचाही आग्रह नाही, फक्त नवरदेव सुटात यावा. ज्यांना अंगभर कापड मिळत नव्हतं, त्यांच्या घरी जावई सुटात यावा, एवढीच त्यांची हौस होती. आणि जावई स्वतः सूट शिवणारा! बाबा गावभर सांगत सुटले. लग्नाच्या दिवशी जबलपूरहून वऱ्हाड उतरलं. अकरा जण नव्याकोऱ्या सुटात, सगळे देवीदासनं शिवलेले, आणि नवरदेवाच्या अंगात मित्राचा मागून आणलेला कोट. बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. विचारलं तर म्हणाले, "याईचेच शिवत राहिलो. माझा शिवाले वेळच नाई भेटला."

वंदना झाली, हार घातले गेले, सगळं नीट पार पडलं. पण बाबांचा चेहरा पार्वतानं पाहिला होता आणि मीही पाहिला होता. बाबा आठ वर्षांनी गेले. पार्वतानं मात्र तो कोट चाळीस वर्षं नवऱ्याला ऐकवला, भाजीत मीठ कमी पडल्याच्या वादातही तो कोट यायचा.

तर त्या दिवशी तिनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि फोनकडे बघत विचारलं, "कोणत्या राती असते रे ते?"

अश्वजीतनं समजावलं. पहिल्या रात्री नसते, कारण बॅगा खोलीत येईपर्यंत उशीर होतो, लोकांकडे बदलायला कपडेच नसतात. शेवटच्या रात्री नसते, कारण बॅगा बांधून दाराबाहेर ठेवायच्या असतात. ज्या दिवशी जहाज बंदरात थांबतं त्या दिवशी लोक फिरून दमलेले असतात. म्हणून दिवसभर जहाज समुद्रातच असेल, त्या संध्याकाळी. सात रात्रींच्या सफरीत दोनदा असते, पाच रात्रींच्यात एकदाच. "आपलं जहाज दुसऱ्या दिवशी आणि चौथ्या दिवशी समुद्रात हाय. तो ज्यादातर दुसरी रात. फायनल वहाँ जाकर पता चलेगा."

"ऐकलं ना?" पार्वता नवऱ्याकडे वळली. "त्या राती तुमच्या अंगात तुमचा सूट पाहिजे. तुमच्या हातचा, तुमच्या मापाचा. नसला तर मी जेवाले येत नाई. खोलीतच बसीन आणि पुढच्या चाळीस वर्षांचं तुम्ही पाहून घ्या."

तिची स्वतःची तयारी आठवड्यात झाली. आमच्यात मोठ्या दिवसाला बायका पांढरी साडी नेसतात, निळ्या काठाची. बुद्धपौर्णिमा असो की लग्न. फॉर्मल म्हणजे काय, हे तिला कोणी समजावायची गरज नव्हती. साडीला फॉल लावून, ब्लाउज शिवून, सगळं बॅगेच्या तळाशी गेलं.

भाऊजींनी गडद निळं कापड आणलं. ते कापड एक महिना दुकानात फळीवर राहिलं. मी रोज जाऊन विचारायचो. ते खडूनं त्यावर एखादी रेघ मारायचे, ती पुसायचे, आणि कोणाची तरी सलवार उचलायचे. शेवटी मी हिशेब मांडला, की बारा तारखेला जहाजात बसायचं आणि तेरा तारखेला फॉर्मल नाइट आहे.

"चौदा, पंधरा," भाऊजी पुढच्या तारखा बोटांवर मोजत म्हणाले. "चौथ्या राती असन पाहा."

"अश्वजीत दुसरी म्हणाला."

"ज्यादातर म्हणाला. बंडू, माझी अर्धी जिंदगी तारखा देण्यात गेली. पहिली तारीख कोणी पाळत नसते."

साऱ्या जगाला त्यांनी आपल्याच टेपनं मोजलं. आणि मीही मूर्ख, मला ते थोडं पटलं.

निघायच्या दिवशी कोट तयार होता म्हणायचा तर होता. मशीनची शिवण झालेली, पण दोन्ही बाह्या पांढऱ्या दोऱ्यानं कच्च्या टाचलेल्या, अस्तर खालून मोकळं, काज नाहीत, बटणं कागदाच्या पुडीत. पॅन्ट तेवढी पूर्ण होती. सुई, दोरा, टेप, बोटात घालायचा अंगुस्ताना, सगळं त्यांनी एका डब्यात भरलं. रेल्वेत शिवायचं म्हटलं तर म्हणाले, हलत्या गाडीत टाका तिरपा जातो. मुंबईला धक्क्यावर सामान तपासणाऱ्या बाईंनी डब्यातली मोठी कात्री काढून घेतली, पावती दिली आणि उतरताना परत मिळेल असं सांगितलं. भाऊजी चेहरा पाडून जहाजावर चढले, जसं काही पोलिसांनी मुलगाच ठेवून घेतला.

पहिल्या रात्री जेवून आलो तर दारातून एक छापील कागद सरकवलेला होता, दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम. वाचायचं काम माझं. मी नाश्त्याची वेळ वाचली, नाश्त्याला चार प्रकारची अंडी असतात ते वाचलं, आणि कागद उशाखाली घालून झोपलो. इथे माझी चूक आहे, मी नाकारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, पोटभर खाऊन खोलीत पडलो असताना, मी कागदाची मागची बाजू उलटली. मग उठून बसलो.

"भाऊजी," मी म्हणालो, "आज आहे."

"काय आज हाय?"

"फॉर्मल नाइट. साडेसातला."

जहाजवालेही फौजींसारखे तारखेचे पक्के निघाले. भाऊजींनी कागद हातात घेतला, इंग्रजी येत नसूनही दोन वेळा वरपासून खालपर्यंत पाहिला. पार्वता खिडकीशी बसून समुद्र बघत होती. ती वळली नाही. "साडेसातला अजून साडेआठ घंटे हायेत," एवढंच म्हणाली.

भाऊजींनी कोट पलंगावर काढला. मी म्हणालो, आधी एकदा घालून बघा. ते टाळू लागले. आधी काज करतो, आधी अस्तर लावतो, असं चाललं. पार्वतानं उठून कोट उचलला आणि त्यांच्या अंगात चढवला.

कोट बसलाच नाही. पाठीत ओढत होता, एक खांदा वर आला होता आणि बाह्या मनगटाच्या चांगल्या दोन इंच वर थांबल्या होत्या. आख्ख्या छावणीचे खांदे ज्यांनी बसवले, त्यांचा स्वतःचा कोट असा.

"याचं माप कोणी घेतलं?" पार्वतानं विचारलं.

भाऊजींनी बटणांची पुडी उचलली.

"मी विचारून राहिली, माप कोणी घेतलं?"

"कोण घेईन माझं माप?" ते एकदम बोलले. "आपल्या हातानं टेप धरला का खांदा उचलला जाते. खांदा उचलला का माप खोटं. जुन्या शर्टावरून अंदाजानं कापला. तवाही असाच कापला होता."

"तवा म्हणजे?"

"लग्नात." ते पलंगाच्या कडेला बसले. "वेळ भेटला नाई, हे खोटं होतं. सूट शिवला होता मी. घालून पाहिला तर असाच, पाठीत ओढे. जबलपूरचा टेलर, आणि स्वतःचा कोट बिगडला. ज्याच्याकडे काम शिकलो त्या उस्तादाले माप घ्याले सांगाची लाज वाटली, आणि बिगडला म्हणून सांगाची त्याहून जास्त. पेटीत टाकून देल्ला आणि दोस्ताचा, रमेशचा कोट मागितला. मंग लोकाईले सांगतलं, का वेळच नाई भेटला."

मला त्यांचा राग यायला हवा होता, बाबांचा चेहरा मी विसरलेलो नाही. पण त्या अर्धवट कोटात खांदे पाडून बसलेल्या माणसाकडे बघून मला रडूच आलं, आणि ते लपवायला मी न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं.

बाहेर आलो तेव्हा पार्वताच्या हातात टेप होता.

"चाळीस वर्षं मी काय बोलून राहिली आणि तुम्ही काय लपवून राहिले!" ती म्हणत होती. "उभे राहा. सरळ. बंडू, लिही."

ते उभे राहिले. तिनं खांद्याला टेप लावला. ते म्हणाले, "थोडा ढिला ठेव, मागचं हाड..."

"चूप. गिऱ्हाईक बोलत नसते."

खांदा, पाठ, छाती, बाही. ती आकडा वाचायची, मी कार्यक्रमाच्या कागदावर लिहायचो. छातीचं माप घ्यायला तिनं दोन्ही हात त्यांच्याभोवती नेले, तेव्हा दोघंही कुठे बघावं ते न कळून माझ्याकडे बघू लागले. मी आकडा दोनदा लिहिला.

मग मात्र भाऊजींच्या हाताला जो वेग आला, तो मी त्यांच्या दुकानात कधी पाहिला नव्हता. निदान माझ्या पॅन्टीसाठी तरी नाही. शिवणीत त्यांनी जास्तीचं कापड ठेवलेलं होतं, बाहीच्या आत पुरेसं दुमडलेलं होतं. पाठ उसवली, सोडली, पुन्हा हातानं शिवली. मोठी कात्री नव्हती, तर माझ्या मिश्या कापायच्या कात्रीनं काम भागवलं. जहाज हलत नाही असं अश्वजीत म्हणाला होता, पण ते हलत होतं. जहाज झुकलं की भाऊजी सुई वर धरून थांबायचे आणि सरळ झालं की टाका घालायचे. पार्वता सुईत दोरा ओवून देत होती. मी जेवणाच्या हॉलमधून ताटल्या आणत होतो आणि जरा जास्तच वेळा आणत होतो.

पाच वाजता उजवी बाही पक्की झाली. अस्तर झालं, काज झाले. आणि दारावर थाप पडली.

समोरच्या खोलीतले इंदूरचे निवृत्त इंजिनिअर होते. नेसूचा टॉवेल एका हातानं सांभाळत त्यांनी दुसऱ्या हातानं काळी पॅन्ट पुढे केली. पार्वतानं सकाळी नाश्त्याला त्यांच्या बायकोला नवऱ्याचा धंदा अभिमानानं सांगितला होता, त्याचं हे फळ. "भैया, बंद ही नहीं हो रही," ते काकुळतीला आले होते. "दो दिन से इनके यहाँ खाना इतना अच्छा है कि..."

मी दार लावायला पुढे झालो. पण भाऊजींनी पॅन्टीला हात लावलाही होता. गिऱ्हाइकाला नाही म्हणायला त्यांना येत नाही, ते फक्त उशीर करतात. पण या वेळी उशीरही करता येईना. मागची शिवण उसवून त्यांनी कंबर दोन इंच सोडली, हूक सरकवला. जुनी, घट्ट शिवण होती, छोटी कात्री, सगळं धरून सव्वा तास गेला. पार्वताचं तोंड एवढंसं झालं. ती उठली आणि साडी नेसायला गेली.

जहाजावर खोलीत इस्त्री ठेवू देत नाहीत, आगीची भीती. भाऊजींनी बटणं लावेपर्यंत मी स्टीलच्या किटलीत उकळतं पाणी आणलं, आणि त्या किटलीच्या बुडानं भाऊजींनी आख्खा कोट दाबून काढला. सव्वासात झाले. डावी बाही अजून कच्च्या टाक्यावरच होती. नव्या मापानं टाचलेली, खांद्यावर अगदी नीट बसलेली, पण आत नुसता पांढरा दोरा.

"हात वर करू नका फक्त," मी सांगितलं.

पार्वता बाहेर आली, पांढऱ्या साडीत, केसांत काही नाही, गळ्यात एक सर. भाऊजी आरशासमोर उभे होते. तिनं मागून पाहिलं, पुढे येऊन पाहिलं, कॉलरवरचा एक दोरा उचलला. छान दिसता, असं काही ती म्हणाली नाही. "चला," म्हणाली. पण दारातून तिनं पुन्हा एकदा वळून पाहिलं, मला दिसलं.

हॉलमध्ये झुंबरं होती, चमकणारे झगे होते, आणि आमचे इंजिनिअर मोकळा श्वास घेत सूप पीत होते. भाऊजी डावा हात अंगाला चिकटवून बसले. काटा-चमचा एका हातानं चालेना, म्हणून पार्वतानं त्यांच्या ताटातलं कापून दिलं, मग सरळ घासच दिला. शेजारच्या टेबलावरच्या बायका कौतुकानं बघू लागल्या आणि एकीनं आपल्या नवऱ्याला कोपरानं ढोसलं. भाऊजींचे कान लाल झाले. मी दोनदा आइस्क्रीम घेतलं.

जेवणानंतर जिन्यापाशी फोटो काढत होते. त्या रात्री सगळेच तिथं उभे राहतात. आमची पाळी आली. पार्वता भाऊजींच्या डाव्या बाजूला उभी राहिली. फोटोवाला म्हणाला, "अंकल, थोड़ा पास आइए. हाथ आंटी के कंधे पर रखिए."

"ऐसेइच ठीक है," भाऊजी म्हणाले.

"अरे अंकल, ये भाईसाब बता रहे थे, चालीसवीं सालगिरह है ना? रखिए, रखिए."

मागे रांग लागली होती. लोक हसत होते, टाळ्या वाजवू लागले. सदर बाजारात हे दोघं चार पावलांचं अंतर ठेवून चालतात, चाळीस वर्षांत चारचौघांत त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवलेला मी पाहिलेला नाही. मी खुणेनं नको नको म्हणत होतो. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मग पार्वताकडे. ती कॅमेऱ्याकडे बघत ताठ उभी होती, काही मागत नव्हती. त्यांनी हात उचलला आणि तिच्या खांद्यावर ठेवला.

टरर्‌ असा आवाज झाला. बाही खांद्यावरून सुटली, खाली घसरली आणि आतला पांढरा कॅनव्हास उघडा पडला. टाळ्या थांबल्या. भाऊजी चटकन हात मागे घेऊ लागले, तर पार्वतानं आपल्या हातानं तो तिथेच दाबून धरला.

"राहू द्या," ती कॅमेऱ्याकडेच बघत म्हणाली. "बाही उद्या लावता येते."

भाऊजींनी हात काढला नाही.